नस कातडीसारखी भरून का येत नाही?

प्रश्न एका मुलीने वडिलांबद्दल विचारला आहे. वडील ६१ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. मधुमेह चौदा वर्षांचा. दीड वर्षापासून दोन्ही पायांच्या बोटांत मुंग्या येतात, आणि अनवाणी असले तरी मोजे घातल्यासारखं वाटतं. नर्व्ह कंडक्शनची तपासणी झाली, रिपोर्टवर 'ॲक्सोनल न्यूरोपथी' असं लिहून आलं. डॉक्टर म्हणाले, चेतापेशींना इजा झाली आहे, सगळं पूर्ववत होईल असं सांगता येत नाही. मुलगी विचारते, "मी बारावीपर्यंत विज्ञान शिकले. पेशी म्हणजे केंद्रक, पेशीद्रव, तंतुकणिका, सगळीकडे तेच. मग कापलेली कातडी आठवड्यात भरते, मोडलेलं हाड जुळतं, नसच का नाही? सुरुवात पायाच्या बोटांपासूनच का? आणि गेल्या महिन्यापासून बोटांतल्या मुंग्या थांबल्या आहेत, आता घोट्याच्या वर येतात. म्हणजे बोटं बरी झाली का?"

शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालते, कारण तो थांबू शकत नाही. बोटं बरी झाली असं धरू नका. आज संध्याकाळी बाबांना खाटेवर बसवा आणि चांगल्या उजेडात दोन्ही तळपाय, टाचा आणि बोटांच्या बेचक्या नीट बघा. फोड, चीर, लाल डाग, रुतलेला खडा, काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. असं का म्हणते ते आता सविस्तर.

मी गेली चोवीस वर्षं परळ भागात हीच तपासणी करते. आमच्याकडे येणारी माणसं 'नस' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतात. रक्ताची शीर म्हणजे नस, पोटरीत गोळा आला की 'नसेवर नस चढली', आणि मुंग्या आल्या की 'नस दबली'. तिसऱ्या अर्थाची नस म्हणजे चेता. ती पोकळ नळी नाही, तिच्यातून रक्त वाहत नाही. ती हजारो बारीक धाग्यांची जुडी आहे आणि त्यातला प्रत्येक धागा म्हणजे एका जिवंत पेशीचा लांबवलेला हात. त्या हाताला अक्षतंतू म्हणतात. रिपोर्टमधलं 'ॲक्सॉन' ते हेच.

तुम्हाला बारावीतलं जे आठवतं ते बरोबर आहे. चेतापेशीत वेगळी, जगावेगळी अशी अंगकं नाहीत. केंद्रक आहे, त्यात कातडीच्या पेशीत असतो तोच डीएनए आहे. आंतर्द्रव्यजालिका आहे, आणि ती इतकी दाट असते की रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली तिचे निळे ठिपके उठून दिसतात. प्रथिनं बनवायचा कारखाना किती मोठा आहे याची ती खूण. ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका आहेत, मोडतोड पचवणाऱ्या लयकारिका आहेत. आणि पुस्तकातल्या प्रत्येक पेशीच्या आकृतीत आपण जो गॉल्गी पिंड काढतो, तो कामिल्लो गॉल्गी यांना १८९८ मध्ये पहिल्यांदा दिसला तोच मुळी गव्हाणी घुबडाच्या मेंदूतल्या चेतापेशीत. म्हणजे पेशीच्या रचनेचा एक धडा आपण चेतापेशीकडूनच शिकलो आहोत.

फसवणूक होते ती आकृतीच्या मापात. वहीच्या अर्ध्या पानावर आपण चेतापेशी काढतो: वरती झाडासारख्या वृक्षिका, मधे केंद्रक असलेली पेशीकाया, खाली बोटभर अक्षतंतू. आता खरी मापं घ्या. बाबांच्या पायाच्या अंगठ्याचा स्पर्श ज्या पेशी कळवतात, त्यांच्या पेशीकाया कंबरेच्या मणक्यांच्या बाजूला, शेंगदाण्याएवढ्या छोट्या गाठींत बसलेल्या असतात. एकेका पेशीकायेचा व्यास साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. आणि तिचा अक्षतंतू तिथून निघून मांडी, गुडघा, पोटरी, घोटा करत अंगठ्याच्या टोकापर्यंत जातो. लांबी सुमारे एक मीटर. त्याचीच दुसरी शाखा पाठीच्या कण्यातून वर मेंदूच्या तळापर्यंत चढते, ती निराळीच.

हे सगळं दहा हजार पट मोठं करून बघा. पेशीकाया होईल अर्ध्या मीटरच्या रांजणाएवढी. तो रांजण सीएसएमटीच्या फलाटावर ठेवला, तर त्यातून निघालेली दहा सेंटिमीटर जाडीची नळी रुळांच्या कडेने धावत दादर ओलांडून माटुंग्यापर्यंत पोचेल. हा मी केलेला साधा गुणाकार आहे, पण विद्यार्थ्यांना तो सांगितला की त्यांची आकृती कायमची बदलते. आकारमान काढलं तर अक्षतंतूत पेशीकायेच्या सुमारे हजारपट ऐवज असतो. म्हणजे ज्याला आपण 'पेशी' म्हणून वर्तुळ काढतो तो भाग एक टक्कासुद्धा नाही.

आणि गंमत नाही, अडचण इथे सुरू होते. केंद्रक रांजणात, कारखाना बहुतेक सगळा रांजणात. तंतूच्या टोकाशी थोडीफार प्रथिनं जागच्या जागी बनतात हे आता माहीत आहे, पण मुख्य पुरवठा मणक्याजवळूनच निघतो. अंगठ्याजवळच्या टोकाला रोज लागणारी प्रथिनं, पटलाचे म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पडद्याचे तुकडे, ताज्या तंतुकणिका, हे सगळं एक मीटर वाहून न्यायचं. नुसतं विरघळून पसरत पोचायचं म्हटलं तर या अंतराला आयुष्य पुरणार नाही. म्हणून अक्षतंतूच्या आत रूळ टाकलेले असतात. २५ नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिका, आणि त्यांच्यावरून अक्षरशः पावलं टाकत चालणारी मोटर-प्रथिनं. त्यांतलं एक कायनेसिन. त्याचं एक पाऊल आठ नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. मणक्यापासून अंगठ्यापर्यंत अशी साडेबारा कोटी पावलं होतात.

मुंबईकराला वेगळं सांगायला नको की एकाच मार्गावर फास्ट आणि स्लो असते. इथेही तसंच आहे, फक्त फरक फार मोठा आहे. पुटिका म्हणजे पटलाच्या बारीक पिशव्या, त्यांच्यासारखं तातडीचं सामान दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातं, म्हणजे अडीच-तीन दिवसांत अंगठा गाठतं. पण तंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांनी बनतो ती सावकाश सरकतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. एका मीटरला हजार दिवस. बाबांच्या अंगठ्याशी आज जो सांगाडा उभा आहे त्याचं काही सामान जवळपास तीन वर्षांपूर्वी कंबरेतून निघालेलं आहे. एवढ्या लांबच्या पुरवठ्यावर जगणारी दुसरी पेशी शरीरात नाही.

कायनेसिन १९८५ मध्ये सापडलं ते माकुल म्हणजे स्क्विडच्या चेतातंतूत. ससून डॉकवर टोपल्यांतून दिसते त्या माकुलचीच अटलांटिकमधली भावंडं. तिचा एक अक्षतंतू मिलिमीटरभर जाड असू शकतो, त्यामुळे त्यात काय चाललंय ते बघता येतं. या विषयातलं काम आपल्या शहरातही आहे आणि ते लोकांना माहीत नसतं याचं मला नेहमी वाईट वाटतं. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकींनी १९६२ मध्ये जीवशास्त्राचा गट सुरू केला. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी उष्णता वाढली की लुळ्या पडणाऱ्या आणि गारव्यात पुन्हा उडणाऱ्या फळमाश्या घेतल्या आणि त्यांच्या चेतातंतूंतलं विजेचं काम कुठे अडतं ते तपासलं. त्याच संस्थेत संध्या कौशिका एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीवर काम करतात. त्याच्या अंगात चेतापेशी मोजून ३०२, आणि त्यांतली सामानाची ये-जा जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. रूप मलिक यांनी टीआयएफआरमध्ये असताना लेझरच्या चिमट्याने मोटर-प्रथिनांची ओढ मोजली. एकट्याने दुबळं असलेलं डायनीन गटाने ओढायला लागलं की किती जोर लावतं, हे त्यांच्या कामातून कळलं.

हे डायनीन उलट दिशेने चालतं, टोकाकडून पेशीकायेकडे. झिजलेल्या तंतुकणिका मोडीत काढायला परत नेतं, आणि टोकाशी सगळं ठीक आहे हा रासायनिक निरोपही वर पोचवतं. तो निरोप येत राहिला नाही तर पेशीकाया खंगते. याच परतीच्या वाटेवर रेबीजचा विषाणू चढतो, धनुर्वाताचं विषही चढतं. कुत्रा पायाला चावला तर विषाणूला लांबचा पल्ला असतो, चेहऱ्याला चावला तर जवळचा. आपल्या गल्लीत हे रोजचं आहे म्हणून विषय सोडून सांगते: चावा कुठेही असो, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. पेशीत शिरलेला विषाणू त्या रुळांवर चढला की पुढे हातात फारसं काही राहत नाही.

आता निरोपाबद्दल, कारण चेतापेशीचं काम तेच. प्रत्येक पेशीच्या पटलावर विजेचा थोडा दाब असतो. चेतापेशीत तो सुमारे ७० मिलिव्होल्ट, आतली बाजू ऋण. आकडा लहान वाटतो, पण पटलाची जाडी सात-आठ नॅनोमीटर आहे हे ध्यानात घेतलं तर हा दाब मीटरमागे जवळपास एक कोटी व्होल्टच्या हिशेबाने पडतो. तो टिकवायला पटलातले पंप अखंड चालू असतात: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दर फेरीला एक एटीपी. स्पर्श झाला की पटलातले सोडियमचे दरवाजे हजारांश सेकंदासाठी उघडतात, आतली बाजू क्षणभर धन होते, त्याने शेजारचे दरवाजे उघडतात, आणि लाट पुढे जाते. हॉजकिन आणि हक्स्ले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे गणितासकट १९५२ मध्ये मांडलं, तेही माकुलच्याच तंतूवर. हा खर्च किती मोठा आहे ते मेंदूवरून कळतं. वजन शरीराच्या दोन टक्के आणि ऊर्जा सुमारे वीस टक्के.

माकुलला वेग वाढवायला तंतू जाड करावा लागला. आपल्याकडे दुसरी सोय आहे. तंतूभोवती श्वान पेशी मायलिनचे मेदाचे थर गुंडाळतात, साधारण मिलिमीटर-मिलिमीटरचे तुकडे, मधे उघडी फट. लाट फटीवरून फटीवर उडी मारत जाते. पेशीसिद्धांत मांडणारे थिओडोर श्वान ते हेच. एक मीटर तंतूला अशा हजारेक पेशी लागतात, म्हणजे अंगठ्याचा एक निरोप हजार शेजाऱ्यांच्या भरवशावर वर जातो. मायलिन असलेल्या तंतूत वेग सेकंदाला ५० मीटरपर्यंत आणि त्याहूनही जास्त असतो, तर दुखणं आणि उष्णता कळवणारे सगळ्यात बारीक, मायलिन नसलेले तंतू माणसाच्या चालण्याच्या वेगाने, सेकंदाला एखाद मीटर जातात. पायाच्या बोटाला उंबरा लागला की आधी टचकन कळ येते आणि सेकंदाभराने ठसठस सुरू होते. ती दोन वेगळ्या तंतूंची दोन टपालं आहेत.

तुमच्या रिपोर्टकडे येऊ. आम्ही पोटरीच्या मागे छोटा विजेचा झटका देतो आणि तिथून १४ सेंटिमीटर खाली, बाहेरच्या घोट्यामागे, लाट कधी आणि केवढी आली ते टिपतो. लाट उशिरा आली तर मायलिन गेलं असा संशय. लाट वेळेवर आली पण खुजी झाली, तर चालू तंतूच कमी उरले आहेत. यालाच 'ॲक्सोनल' म्हणतात, आणि मधुमेहात ठळकपणे दिसतं ते बहुतेक हेच. तपासणीला जाताना एक गोष्ट जरूर बघा: पाय गार असतील तर वेग खोटाच कमी दिसतो, दर अंशाला साधारण दोन मीटरने. एसीच्या खोलीत तासभर बसलेल्या माणसाचे पाय आधी ऊबदार करून घ्यायला हवेत. कोणी करत नसेल तर स्वतः सांगा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही तपासणी जाड, मायलिनवाल्या तंतूंचीच असते. बारीक तंतूंची लाट तिच्यात दिसतच नाही. पहिल्या काही वर्षांत एका गृहस्थांना मी रिपोर्ट देताना म्हणाले होते, "सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका." पाय रात्री भाजल्यासारखे होतात असं ते सांगत होते आणि मी कागदाकडे बघत होते. चार महिन्यांनी ते गरम पाण्याच्या पिशवीने पोळलेला पाय घेऊन आले. पोळताना त्यांना कळलं नव्हतं. तेव्हापासून रिपोर्ट नॉर्मल असला तरी मी आधी बोटांना गार-गरम लावून बघते, मगच बोलते. त्या गृहस्थांचा तो पाय मला अजून दिसतो.

पायाच्या बोटांपासून का, याचं उत्तर आता तुम्हाला स्वतःलाच देता येईल. साखर सतत जास्त राहिली की तीन ठिकाणी मार बसतो: तंतुकणिकांवर, श्वान पेशींवर, आणि चेतेला रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्यांवर. हा मार सगळ्याच चेतापेशींना बसतो. पण जिचा तंतू वीतभर आहे तिची गरज भागते, आणि जिचा मीटरभर आहे तिच्या टोकाला तुटवडा आधी जाणवतो. म्हणून दोन्ही पायांत, बोटांपासून, मोज्यासारखं. आणि याचा एक पुरावा रोज दिसतो: बधिरपणा वर चढत गुडघ्यापर्यंत आला की साधारण त्याच सुमाराला हाताच्या बोटांची टोकं धरायला लागतात, कारण मानेपासून बोटापर्यंतचा पल्ला तेवढाच लांब पडतो. झिजणं टोकाकडून मुळाकडे सरकतं, जसं पाणी कमी पडलं की फांदीचं टोक आधी वाळतं.

मग कातडीसारखं भरून का येत नाही? कातडीत पेशी दुरुस्त होत नाहीत, बदलल्या जातात. तळाच्या थरातल्या पेशी विभागत राहतात, नव्या वर ढकलतात, महिन्याभरात वरचा थर नवा होतो. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत बदलतं. लाल रक्तपेशीने केंद्रकच टाकून दिलेलं असतं, ती १२० दिवस चालते आणि जाते. हाडातही नवं हाड घडवणाऱ्या पेशी तयार असतात. चेतापेशी विभागत नाही. बाबांच्या कंबरेतली ती पेशी त्यांच्या जन्माआधीची आहे, त्यांच्याइतकीच वयाची. तिला बदली नाही, आणि असती तरी नव्या पेशीला मीटरभर तंतू पुन्हा अंगठ्यापर्यंत न्यावा लागला असता.

पण 'नस कधीच भरत नाही' हेही खरं नाही, आणि हे मी मुद्दाम जोर देऊन सांगते, कारण लोक फार लवकर हात टेकतात. पेशीकाया जिवंत असेल तर हातापायातला तुटलेला तंतू पुन्हा वाढतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकात दाखवलं की चेता कापली की कापल्या जागेच्या पलीकडचा भाग मरतो, अलीकडचा जगतो. मेलेल्या भागातल्या श्वान पेशी मोडतोड साफ करतात, रांग धरून उभ्या राहतात आणि नव्या टोकाला वाट दाखवतात. वाढीचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. आधी सांगितलेल्या स्लो गाडीशी हा आकडा जुळतो, कारण नवा तंतू उभारायचं सामान त्याच गाडीने येतं. मनगट कापलेल्या कामगाराला मी म्हणते, बोटाला संवेदना यायला महिने मोजा. मेंदूत आणि मज्जारज्जूत श्वान पेशी नाहीत, तिथे मायलिन करणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि तिथलं वातावरण वाढीला अडवतं. म्हणून मणका मोडून मज्जारज्जू तुटला तर तसं भरून येत नाही.

बाबांच्या बाबतीत अडचण अशी की घाव एकदाच झालेला नाही, तो चालू आहे. साखर ताब्यात आली की पुढची झीज मंदावते, काही तंतू तगतात. सगळं परत येईल असं वचन कोणी देत असेल, इंजेक्शनचा कोर्स विकत असेल, तर पैसे देऊ नका.

आणखी दोन गोष्टी मी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगेन. पहिली, बी-१२ जीवनसत्त्व तपासलंय का. मधुमेहाचं मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षं घेतल्यावर ते कमी होऊ शकतं, शाकाहारी घरात तर आधीच कमी असतं, आणि हे कारण भरून काढता येतं. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. दुसरी, कोणी त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूची आणि गुडघ्याखालची चेता हाताने चाचपून बघितली का. कुष्ठरोगाचा जंतू श्वान पेशीत राहतो आणि शरीराचे गार भाग पसंत करतो. वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासून या रोगासाठी आहे, परळमध्येच डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी हा जंतू चेतेत काय करतो याचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. तरी आजही मधुमेह आहे म्हटलं की दुसरं कोणी शोधत नाही. मधुमेहात दोन्ही पाय सारखे असतात. एकच पाय, एखादा बधिर चट्टा, हाताला लागणारी जाड दोरी असं काही असेल तर कारण वेगळं आहे, आणि कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

घरी काय करायचं? गरम पाण्याची पिशवी आणि शेक बंद. अंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, पायाने नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या, चिखल्या झाल्या तर अंगावर काढायच्या नाहीत. बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जातो का, हे त्यांना विचारा. पायाची जागा सांगणारे तंतूही त्याच लांबीचे असतात, डोळे मिटले की त्यांचा आधार उरत नाही. जात असेल तर तिथे धरायला दांडी लावून घ्या. आणि अंगारकीला लालबागहून, दादरहून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी चालत जाणारे पुष्कळ आहेत, दर वेळी त्यातले एखाद-दोन तळपायाला फोड घेऊन आमच्याकडे येतात. बाबांचा तसा नेम असेल तर तो मोडू नका, पण डांबरावर पायात बूट असू दे. देवळात काढायचे तेवढ्यापुरते मोजे ठेवा.

आता त्या थांबलेल्या मुंग्या. मुंग्या कोण पाठवतं? आजारी पण जिवंत तंतू. त्याचं पटल अस्थिर झालेलं असतं, कोणी स्पर्श न करता ते लाटा सोडतं आणि मेंदू त्या मुंग्या म्हणून वाचतो. तंतू सुधारला तर मुंग्या थांबतात. तंतू मेला तरी थांबतात. बोटं गप्प झाली आणि त्याच वेळी मुंग्या घोट्याच्या वर सरकल्या, हे दुसऱ्या प्रकारचं लक्षण आहे असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर विसंबू नका, दोन मिनिटांत तुम्ही स्वतः तपासू शकता. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ही स्पर्शचाचणी ओळखली जाते आणि तिला कसलंही उपकरण लागत नाही. बाबांना आडवं करा, डोळे मिटायला सांगा, आणि स्पर्श कळला की 'डावा' किंवा 'उजवा' म्हणायला सांगा. तर्जनीच्या टोकाने उजव्या पायाचा अंगठा आणि करंगळी, मग डाव्याचा अंगठा आणि करंगळी, मग उजव्याचं मधलं बोट, मग डाव्याचं, प्रत्येकाला एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श. दाबायचं नाही, टोचायचं नाही, थोपटायचं नाही. एकदा चुकलं तर त्याच बोटाला परत लावून बघायचं नाही. सहापैकी दोन किंवा त्याहून जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायांची संवेदना कमी झाली आहे. मग पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात दाखवा, आणि कुठल्या बोटांना कळलं नाही ते कागदावर लिहून बरोबर न्या.